मांडीतली आग आणि चालती पावले

सकाळी सहाची वेळ. बागेत नेहमीची मंडळी फेऱ्या मारत असतात. त्यांच्यातल्या एक चोपन्न वर्षांच्या शिक्षिका तिसऱ्या फेरीनंतर मंदावतात. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, साधारण तळहाताएवढ्या भागात, इस्त्रीचा चटका बसावा तशी आग सुरू होते. त्या जागी सलवारीचे कापड घासलेलेही सोसवत नाही. गंमत म्हणजे तिथेच चिमटा काढून पाहिला तर कातडी बधिर लागते. बाकावर बसले की पाच-दहा मिनिटांत आग ओसरते आणि उठून चालू लागले की पुन्हा पेटते.

पहिल्या महिन्यात त्यांनी तेल लावले, गरम पाण्याची पिशवी घेतली, शेजारणीने सांगितलेल्या ‘नसांच्या गोळ्या’ खाल्ल्या. दुसऱ्या महिन्यात फेऱ्या कमी केल्या. तिसऱ्या महिन्यात बागच सुटली. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. चालणे थांबल्यावर चार महिन्यांत वजन पाच किलोंनी वाढले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सातवरून साडेआठच्या घरात गेली. दरवर्षी आषाढी वारीत पालखीबरोबर पुणे ते सासवड चालण्याचा त्यांचा नेम होता. ‘यंदा जमायचं नाही,’ असे त्यांनी मैत्रिणींना सांगून टाकले.

मांडीच्या दुखण्याने दवाखान्यात येणाऱ्या अनेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते. मूळ दुखणे जिवावरचे नसते. त्याच्या भीतीने माणूस बसून राहतो, आणि खरे नुकसान त्या बसून राहण्याने होते.

पायाची ताकद शाबूत, निरोपात बिघाड

या विकाराचे वैद्यकीय नाव ‘मेराल्जिया पॅरेस्थेटिका’. मार्टिन बर्नहार्ट या जर्मन डॉक्टरांनी १८७८ मध्ये त्याचे वर्णन केले. १८९५ मध्ये रशियन मज्जाविकारतज्ज्ञ व्लादिमिर रोट यांनी मांडी आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘मेराल्जिया’ हे नाव दिले. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःलाच हा त्रास होता आणि त्याच वर्षी त्यांनी त्यावर एक टिपण प्रसिद्ध केले.

कमरेच्या मणक्यांमधून, दुसऱ्या आणि तिसऱ्या मज्जामुळातून, एक बारीक नस निघते. ती ओटीपोटाच्या आतल्या बाजूने पुढे येते. कमरेवर हात ठेवला की पुढच्या बाजूला हाडाचे जे टोक बोटाला लागते, त्याच्या जवळून, जांघेतल्या ताठ अस्थिबंधाखालून ती मांडीत उतरते. तिथून पुढे ती मांडीच्या बाहेरच्या आणि काहीशा पुढच्या कातडीला संवेदना पुरवते. जांघेतली ही वाट अरुंद आहे आणि नस तिथे वळण घेते. त्यामुळे ती चिमटते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी.

या नसेकडे एकही स्नायू हलवण्याचे काम नाही. स्पर्श, ऊन-गार आणि वेदना यांचे निरोप मेंदूकडे नेणे एवढेच तिचे काम. म्हणून ती दबली तर आग, मुंग्या, टोचणी किंवा बधिरता येते, पण पायाची ताकद जात नाही, गुडघा लटपटत नाही. तपासणीनंतर शिक्षिकेला डॉक्टरांनी हेच सांगितले. ‘बाई, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. पायाचा निरोप नेणारी तार कमरेपाशी चिमटली आहे.’ त्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मग चालले तर ती तुटायची नाही ना, डॉक्टर?’

नाही, चालल्याने ती तुटत नाही. हे उत्तर मनात पक्के बसले की निम्मे उपचार झाल्यासारखे आहे.

नस दबते कशाने?

वाढलेले पोट हे सर्वांत नेहमीचे कारण. पोटाचा भार जांघेवर उतरतो आणि अस्थिबंध ताणला जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेकींना हाच त्रास होतो. बाळंतपणानंतर तो बहुधा आपोआप जातो. घट्ट जीन्स, कमरेचा आवळलेला पट्टा, पोलिसांचा साहित्य लटकवलेला जड पट्टा, कारागिरांचा अवजारांचा पट्टा, ट्रेकिंगच्या सॅकचा कमरबंद ही आणखी काही कारणे. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी त्या हाडाच्या टोकावर करकचून बसत असेल, तर तीही यात मोडते. तासन्‌तास उभे राहण्याचे काम, खुब्याची शस्त्रक्रिया, पालथे झोपवून केलेली पाठीची शस्त्रक्रिया यांनंतरही हे दुखणे दिसते.

मधुमेहाचा संबंध विशेष जवळचा आहे. वाढलेल्या साखरेने नसा आधीच नाजूक झालेल्या असतात. त्यांना थोडा दाबही सोसत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्याच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या, तेव्हा मधुमेहींमध्ये हा विकार सर्वसाधारण लोकांच्या सुमारे सातपट आढळला.

शिक्षिकेच्या बाबतीत तीन-चार गोष्टी एकत्र आल्या होत्या. मधुमेह होताच. वजन आधीपासून थोडे जास्त होते. शाळेत रोज पाच-सहा तास उभे राहणे होते. आणि साडी दिवसभर जागची हलू नये म्हणून परकराची नाडी त्या घट्ट बांधत. नाडीचा वळ संध्याकाळी बरोबर त्या हाडावर उमटलेला असे.

थांबण्याची किंमत

हात भाजला की आपण तो झटकन मागे घेतो. मुरगळलेल्या घोट्यावर भार देत नाही. वेदना म्हणजे धोका आणि धोका म्हणजे थांबा, हे शरीराने शिकवलेले गणित आहे. ताज्या दुखापतीत ते बरोबरच ठरते. पण महिनोन्‌महिने चाललेल्या नसेच्या दुखण्यात ते चुकते. इथे मांडीची कातडी, स्नायू, हाड सारे धड असते; वाटेत दबलेली नसच खोटे निरोप पाठवत असते. दाराची घंटा बिघडून आपोआप वाजावी, तसे. घंटा वाजते म्हणून दारात कोणी उभे असेलच असे नाही.

शिवाय घंटा सतत वाजत राहिली की ऐकणाराही हळवा होतो. दीर्घकाळ वेदनांचे निरोप आले की मेरुरज्जू आणि मेंदू त्यांना अधिक तीव्रतेने उत्तर देऊ लागतात. साध्या कापडाचा स्पर्शही मग आगीसारखा लागतो. झोपमोड, काळजी आणि हालचालीची भीती यांनी हा हळवेपणा आणखी वाढतो.

इकडे बसून राहिल्याने वजन वाढते आणि जांघेवरचा दाब वाढतो. मांडी आणि पोटऱ्यांचे स्नायू चालताना रक्तातली साखर वापरतात. चालणे थांबले की तो मार्ग आक्रसतो आणि साखर चढते. चढलेली साखर नसांना आणखी इजा करते. म्हणजे दुखते म्हणून बसायचे आणि बसलो म्हणून अधिक दुखायचे. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, आणि रुग्णाच्या हातात असलेली जागा म्हणजे हालचाल.

घड्याळ लावून चालणे

‘जमेल तसे चाला’ हा सल्ला सोपा वाटतो, पण अशा दुखण्यात तो फसतो. कारण माणूस बऱ्या दिवशी सगळेच उरकून घेतो. बाजार, बँक, बाग, घराची झाडलोट. दुसऱ्या दिवशी आग भडकते, दोन दिवस अंथरुणावर जातात. ‘चालल्याने वाढतं’ ही समजूत मग आणखी पक्की होते. यावरचा उपाय म्हणजे वेदनेच्या सांगण्यावरून चालणे वा थांबणे सोडून घड्याळाच्या सांगण्यावरून चालणे.

पद्धत अशी. आधी तीन-चार दिवस नोंद करायची की सपाट रस्त्यावर चालायला लागल्यापासून किती मिनिटांनी आग सुरू होते. समजा ती बारा मिनिटांनी होते. मग सुरुवातीचा हप्ता त्याच्या आतला, आठ-नऊ मिनिटांचा ठरवायचा. तेवढे झाले की दुखत नसले तरी थांबायचे, बसायचे, कमरेतून किंचित पुढे झुकायचे. बसल्यावर खुबा दुमडतो आणि नसेवरचा ताण सैल होतो. आग ओसरते ती त्यामुळेच. असे हप्ते दिवसातून तीन-चार वेळा करायचे. आठवडाभर जमले की प्रत्येक हप्त्यात एक-दोन मिनिटे वाढवायची. बऱ्या दिवशी जास्त नाही आणि वाईट दिवशी शून्य नाही. फारच वाईट दिवस असेल तर हप्ता निम्मा करायचा, पण मोडायचा नाही.

मधुमेही माणसाला यात दुहेरी फायदा आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. म्हणजे नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांमागे एकेक हप्ता लावला, तर नसेला झेपणारे चालणे साखरेच्याही कामी येते. सलग पाऊण तास चालता येत नाही म्हणून हळहळण्याचे कारण उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. तो एका दमात व्हायला हवा अशी अट त्यांत नाही.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न सगळेच विचारतात. शून्य ते दहाच्या मापावर नेहमीचे दुखणे तीन असेल आणि चालताना ते चार-पाच झाले, पण रात्रीपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत तीनवर आले, तर ठरवलेले प्रमाण योग्य आहे. दुसऱ्या सकाळीही ते चढलेलेच असेल, तर हप्ता थोडा कमी करावा. चालणे बंद करू नये.

चालण्याच्या ढबीतही थोडा बदल लागतो. लांब ढांगा टाकल्या की मागचा पाय खुब्यातून मागे ताणला जातो आणि नस ओढली जाते. म्हणून पावले लहान आणि थोडी भरभर टाकावीत. मोबाइल किंवा पाकीट पँटच्या पुढच्या खिशात ठेवू नये. कमरेला बांधायचे पाऊच खांद्यावर घ्यावे. परकराला नाडीऐवजी रुंद, सैल पट्टी असावी, किंवा नाडी हाडाच्या टोकापासून वर-खाली सरकवून बांधावी.

कोणता व्यायाम, कोणता नको

खुबा मागे ताणणारे प्रकार सुरुवातीला बाजूला ठेवावेत. योगासने करणाऱ्यांनी भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन यांना काही आठवडे विश्रांती द्यावी. पहिल्या दोन आसनांत पालथे असताना त्या हाडाच्या टोकावर थेट दाबही येतो. सूर्यनमस्कारात एक पाय मागे लांब नेण्याची स्थिती त्रास देत असेल, तर पाऊल कमी मागे न्यावे किंवा खुर्चीचा आधार घेऊन बदललेले सूर्यनमस्कार घालावेत. त्रास उतरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ही आसने एकेक करून परत आणता येतात.

बऱ्याच जणांना स्थिर सायकल मानवते, कारण खुबा दुमडलेला राहतो. मात्र सीट फार खाली असेल आणि पोट जांघेवर दाबले जात असेल तर उलट त्रास होतो. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालणे हा जड अंगाच्या माणसांसाठी उत्तम पर्याय आहे. घरच्या घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, उताणे झोपून गुडघे दुमडून पोटाचे स्नायू आत घेणे, हे आठवड्यातून दोन-तीन दिवस करावे. स्नायू बळकट झाले की साखरही चांगली वापरली जाते.

झोपण्याचीही तऱ्हा आहे. पाय सरळ ताणून उताणे झोपले की नस ताणली जाते; गुडघ्याखाली उशी घ्यावी. कुशीवर झोपताना दुखरी बाजू वर ठेवून दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. बहुतेकांना बसल्यावर आराम पडतो, पण तासन्‌तास मांडी घालून बसल्याने काहींचा त्रास वाढतो. अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार पावले टाकावीत. उभ्याने काम करणाऱ्यांनी दुखरा पाय मधूनमधून एखाद्या पाटावर किंवा ठोकळ्यावर ठेवावा. शिक्षिकेने वर्गात फळ्यापाशी असा एक ठोकळा ठेवून घेतला.

स्पर्शानेच आग होत असेल, तर त्या भागाला स्पर्शाची हळूहळू सवय करता येते. आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, असे दिवसातून दोन-तीनदा एक-दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावे. जोराने रगडणे मात्र टाळावे. आणि गरम पाण्याची पिशवी किंवा शेकाची वीट बधिर भागावर ठेवूच नये. चटका जाणवत नाही आणि फोड येतो. मधुमेहात तो भरायला वेळ लागतो.

गोळ्या, इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो आणि मधुमेहींना तो धोका अधिक. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही नसेच्या वेदनेची औषधे आहेत. ती कमी मात्रेत सुरू करून सावकाश वाढवावी लागतात. सुरुवातीला गुंगी आणि चक्कर येऊ शकते, म्हणून वयस्कर माणसांनी रात्री उठताना जपावे आणि अंदाज येईपर्यंत वाहन चालवू नये. बरे वाटले म्हणून ती एकदम बंदही करू नयेत. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत त्यांच्यासाठी बधिर करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी हा एक मार्ग असतो.

‘नसांच्या गोळ्या’ म्हणून दुकानातून आणल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांबाबतही सावधपणा हवा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये आणि शाकाहारी लोकांमध्ये बी-१२ कमी असू शकते. ते तपासून कमी असल्यास भरून काढणे योग्यच. पण बी-६ जास्त मात्रेत फार दिवस घेतले तर त्यानेच नसांना इजा होते.

दाबाचे कारण दूर केले आणि वजन उतरले की बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत वा महिन्यांत कमी होतो. तसे झाले नाही तर सोनोग्राफीत पाहून नसेजवळ बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन देतात. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढू शकते; त्याची तयारी ठेवावी. नस मोकळी करण्याची किंवा छेदण्याची शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते. नस छेदली तर आग जाते, पण तो भाग कायमचा बधिर होतो.

दिवे घाटापर्यंत

शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात सहा-सहा मिनिटांचे चार हप्ते चालले. वहीत मिनिटे आणि दुखण्याचा आकडा लिहिला. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाच्या धावपळीत सगळे बिघडले, आकडा सातवर गेला. पूर्वी अशा वेळी त्यांनी पंधरा दिवस विश्रांती घेतली असती. या वेळी दोन दिवस तीन-तीन मिनिटे चालून त्या पुन्हा जुन्या हप्त्यावर आल्या. पाच महिन्यांनी त्या दिवसभरात मिळून पन्नास मिनिटे चालत होत्या. वजन चार किलोंनी उतरले होते, साखर साडेसातच्या खाली आली होती. मांडीवरचा बधिर पट्टा अजून आहे आणि पाऊण तास उभे राहिले की तो कुरकुरतो.

आषाढी वारीत त्यांनी पुण्याहून संपूर्ण टप्पा धरला नाही. वडकीपर्यंत बसने जाऊन तिथून मैत्रिणींबरोबर दिवे घाट चढल्या. पाऊच खांद्याला, पावले लहान आणि दर दहा मिनिटांनी कठड्यावर बसकण. वर पोहोचायला इतरांपेक्षा बराच वेळ जास्त लागला. मैत्रिणी विठ्ठलाच्या मूर्तीपाशी चहा घेत थांबल्या होत्या.

चौकट : लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

मांडीचे प्रत्येक दुखणे म्हणजे मेराल्जिया नव्हे. पुढीलपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये.

• पायाची ताकद कमी होणे, जिना चढताना गुडघा दुमडणे, चप्पल पायातून निसटणे.

• कंबरेतून निघून गुडघ्याखाली पावलापर्यंत जाणारी कळ.

• लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वाराभोवती आणि दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

• मधुमेहात एका मांडीत अचानक तीव्र कळ येऊन मांडी बारीक होणे आणि वजन घटणे.

• ताप, कारण नसताना उतरणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी हाडातली वेदना, पूर्वी झालेला कर्करोग.

• चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर लगेच बरे वाटणे, पाऊल गार पडणे. हे रक्तपुरवठ्याच्या अडथळ्याचे लक्षण असू शकते.